केलेमेनबाईंना दिलेली दाद

“ह्या बाई तुमच्याबरोबर आल्यात का?”

मध्यंतराचे दिवे लागले होते. आम्ही खुर्चीतून अजून उठलोही नव्हतो, तोवर त्रिलोकेकर आमच्या रांगेच्या टोकाशी येऊन उभे राहिले. सिम्फनी सर्कल ह्या पाश्चात्त्य संगीताच्या मंडळाचे सेक्रेटरी. काळा सूट, गळ्याला बो, आणि डोक्यावरचा एक केस जागचा हलेल तर शपथ. माणूस आपलाच, मराठी; पण मराठी बोलताना चेहरा असा करायचा, जणू दुसऱ्याची चप्पल पायात चढवलीय.

“माझी आत्या आहे,” मी म्हणाले.

“मग त्यांना समजावून सांगा, की हा गणपतीतला कार्यक्रम नाही. इथे मधेच टाळ्या वाजवत नाहीत. आणि ते ‘आहा’, ‘वाहवा’ तर अजिबात नाही.”

“मलाच सांगा की,” आत्या बसल्या जागेवरून म्हणाली. “मला मराठी कळतं.”

त्रिलोकेकरांनी तिच्याकडे बघितलं नाही ते नाहीच. आसपासची माणसं मात्र बघायला लागली होती. पुढच्या रांगेतल्या मोत्यांची माळ घातलेल्या बाई तर मान वळवून, चष्मा नाकावर आणून बघत होत्या, काय बाई तमाशा म्हणून.

काय घडलं होतं ते सांगते. पहिल्या अर्ध्या भागात नुसता ऑर्केस्ट्रा होता. एकच मोठी रचना, पण तिचे चार तुकडे. एक तुकडा संपला की वाजवणारे थांबतात, कुणी वाद्य पुसतं, कुणी पान उलटतं, आणि ऐकणाऱ्यांनी तेवढा वेळ मुकाट बसून राहायचं. टाळ्या सगळ्यात शेवटी. हा तिथला रिवाज. मला तो माहीत होता, आत्याला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पहिला तुकडा संपला आणि भरल्या सभागृहात आत्याने एकटीने टाळ्या वाजवल्या. हातात काचेच्या बांगड्या, त्यांचा आवाज वर छतापर्यंत गेला असेल. मी तिचा हात धरला. “का गं? चांगलं वाजवलं की!” ती म्हणाली, आणि तेसुद्धा तिच्या नेहमीच्या आवाजात. माईक नसलेल्या काळात नाटकाच्या तंबूतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवायला शिकलेला आवाज तो. मग तिसऱ्या तुकड्यात एका बासरीवाल्याने एक सूर असा काही लावला की आत्या म्हणाली, “आहा! काय ठेवलाय!”

झालं. शंभर माना वळल्या.

“माझ्याकडून एवढंच,” त्रिलोकेकर म्हणाले. “बाहेर लाउंजमध्ये स्पीकर आहे. तिथे सगळं ऐकू येतं. उत्तरार्ध त्यांनी तिथे बसून ऐकावा. मॅडम केलेमेन वाजवत असताना मला कुठलीही रिस्क घ्यायची नाही. तुम्हाला उद्याचं महत्त्व कळतंय ना?”

कळत होतं. न कळून काय?

मादाम ईडा केलेमेन हे नाव पियानो शिकणाऱ्यांमध्ये कानाला हात लावून घ्यायचं. त्यांच्या रेकॉर्ड्स मिळायच्या नाहीत. माझ्या बाई, मिसेस कॉन्ट्रॅक्टर, त्यांच्याकडे एक होती. ती वर्षातून एकदा, नवरोजच्या दिवशी निघायची आणि लगेच कपाटात जायची. त्या केलेमेनबाई आमच्या मुंबईत आल्या होत्या. रविवारी दुपारी कॉन्चेर्टो, म्हणजे एका बाजूला सबंध ऑर्केस्ट्रा आणि त्याच्यासमोर एकटा पियानो. आणि सोमवारी सकाळी त्याच सभागृहात, सगळ्यांसमोर, त्या इथल्या एका विद्यार्थ्याला शिकवणार होत्या. एकालाच. तिथे ज्याने बरं वाजवलं त्याच्यासाठी पुढची दारं उघडणार, हे सगळे जाणून होते. सर्कलने सगळ्यांची परीक्षा घेऊन निवड केली, आणि ती मी होते. ठाकुरद्वारची हेमलता टाकळीकर. घरात पियानो नसलेली.

“आणखी एक आवाज आला तर उद्याचं विसरा,” त्रिलोकेकर म्हणाले. “तुमची जागा घ्यायला दुसरी मुलगी तयार आहे.”

आत्या उठली. इरकलीचा पदर सारखा केला, पिशवी उचलली. “बसते मी बाहेर. त्यात काय एवढं? तू ऐक नीट.”

“खाली बस,” मी म्हणाले.

“अगं पण—”

“आत्या, खाली बस. तुझ्याकडे पास आहे.” मग मी त्रिलोकेकरांना म्हणाले, “ती आत बसणार. तुम्हाला चालत नसेल तर दोघींना बाहेर काढा.”

हे मी कुठून बोलले, कुणास ठाऊक. पण मला एक राग आला होता तो त्यांच्या स्पीकरचा. म्हणे तिथे सगळं ऐकू येतं! मला पियानोपर्यंत नेणारी बाई बाहेर डब्यासमोर बसणार आणि मी आत?

कारण मला पियानोकडे नेलं ते आत्याने. आईबाबा गावाला, मी शाळेसाठी म्हणून लहानपणीच तिच्याकडे राहायला आले. ती संगीत नाटकांत गायची एके काळी; मी पाहिली तेव्हा ते सगळं संपलेलं होतं, आणि ती मुलींना पेटी शिकवायची. मलाही शिकवली. एक दिवस माझी बोटं बघत बसली आणि म्हणाली, “एक हात भात्याला, एक हात सुरांना. अर्धी पोरगी वाया जातेय.” दुसऱ्या दिवशी मला धरून धोबीतलावला घेऊन गेली. मिसेस कॉन्ट्रॅक्टरांची बेल दाबली, आणि दार उघडल्या उघडल्या म्हणाली, “हिचे दोन्ही हात कामाला लावा.” तिथून सुरुवात झाली. रोज सकाळी सातला मी त्यांच्याकडे जायची, त्यांचे बाकीचे विद्यार्थी येईपर्यंत बोटं घासायची. आणि आत्या जिन्यात बसून ऐकायची. बाईंनी कितीदा आत बोलावलं, तरी जिन्यातच. एखादी जागा जमली की जिन्यातून “वा!” यायचं. बाई आधी चिडायच्या. नंतर नंतर त्यांनाही सवय झाली होती. ‘वा’ आलं नाही तर त्या म्हणायच्या, “पुन्ना वाजव. जिना बोलला नाय.”

आता त्याच बाई लगबगीने आमच्याकडे येत होत्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी.

“हेमलता, काय झाला? तो त्रिलोकेकर का लाल झाला?”

मी सांगितलं.

बाईंनी डोळे मिटले. “डिक्रा, तुला ठाऊक हाय उद्या काय हाय? मी एवढी वर्षं शिकवते, माझा एक पोऱ्या, एक पोरगी तिथपर्यंत गेली नाय.” मग त्या आत्याकडे वळल्या. “यमुनाबाई, फक्त आज. माझ्यासाठी. तोंड बंद.”

“तुम्ही सांगायला नको,” आत्या म्हणाली. ती पुन्हा खुर्चीत बसली होती आणि तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. “माझ्या गळ्याची शपथ. तोंडातून अक्षर निघणार नाही.”

गळ्याची शपथ ती उगाच घ्यायची नाही. बाई निर्धास्त होऊन आपल्या जागेवर गेल्या. घंटा झाली.

केलेमेनबाई आल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि आत्यानेही वाजवल्या, पण आधी माझ्याकडे बघून, ‘आता चालतं ना?’ असं डोळ्यांनी विचारून. मला तिच्या त्या विचारण्याचा राग आला. म्हणजे तिचा नव्हे. ज्यांनी तिला विचारायला लावलं त्यांचा.

आणि केलेमेनबाई दिसायला कशा होत्या म्हणता? एवढ्याशा. पांढरे केस, काळा साधा झगा, पायात सपाट जोडे. बँकेत पेन्शनच्या रांगेत उभ्या असत्या तर कुणी दुसऱ्यांदा बघितलं नसतं. स्टुलावर बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि ऑर्केस्ट्राकडे बघत राहिल्या, पाहुण्यांना आधी जेवू द्यावं तशा. मग त्यांची पाळी आली आणि त्यांनी हात उचलले.

अहो, उचलले कसले! नुसते नेऊन ठेवले. मी तो कॉन्चेर्टो ओळखत होते. त्याच्या पहिल्या भागात अशा जागा आहेत की तिथे माझ्यासारखीच्या खांद्यातून कळ निघते, दात आवळले जातात, आणि बोटं एकमेकांत अडखळून पडतात. रेकॉर्डवर ऐकताना मला वाटायचं, ही बाई तिथे कशी तुटून पडत असेल! आणि इथे बघते तर काय? तांदूळ निवडत शेजारणीशी गप्पा मारणाऱ्या बाईची बोटं चालतात ना, तशी चालली होती. नजर बोटांवर नाहीच. एकदा तर त्यांनी व्हायोलिनवाल्याकडे बघून भुवई उडवली, ‘ये की लवकर’ म्हणून, आणि इकडे दोन्ही हात असे धावत होते की माझा श्वास अडकला. आवाज मात्र सबंध सभागृहात मावत नव्हता. अख्खा ऑर्केस्ट्रा जोर लावून वाजवत होता, आणि एवढीशी बाई त्याच्यावरून हलकेच निघून जात होती.

मला रडू आलं, खरं सांगते. कौतुकाने आलं आणि मत्सरानेही आलं. असं मला जन्मात येणार नाही, असं वाटलं; आणि उद्या ह्याच बाईंच्या शेजारी बसून मी वाजवणार, तेव्हा त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगतील, आणि ते ऐकण्यासाठी मी काय वाट्टेल ते द्यायला तयार आहे, असंही वाटलं. त्या घटकेला मला जगात दुसरं काही नको होतं.

पहिला भाग संपला. टाळ्या नाहीत. सगळ्यांनी आपापले खोकले उरकून घेतले.

मी आत्याकडे बघितलं. तिने पदराचा बोळा करून तोंडात धरला होता.

मधला भाग संथ. तोच मी उद्या वाजवणार होते. त्यात सुरुवातीला पियानो एकटाच. साधी चाल, एखाद्या लहान मुलालाही वाजवता येईल इतकी साधी, आणि म्हणूनच अवघड. लपायला जागाच नाही. त्या चालीत शेवटी एक सूर आहे. सगळी चाल त्या सुराकडे चालत येते. मी तो शेकडो वेळा वाजवला होता. वेळेवर, जिथल्या तिथे, बाईंनी शिकवल्यासारखा.

केलेमेनबाई त्या सुरापाशी आल्या आणि थांबल्या. ठेक्यात थोडी जागा सोडली. फार नाही, एवढीच की पोटात खड्डा पडावा. आणि मग तो सूर ठेवला. तो येणार हे मला माहीत होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला.

शेजारी आत्या खुर्चीतून जवळजवळ उठली. समेवर आल्यावर उठतात ना मैफलीत, तशी. पण तोंडातून आवाज नाही. पदराचा बोळा दातांत, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि गळ्याची शीर तट्ट फुगलेली. तिने ती दाद गिळली. मला गिळताना दिसली. गरम घास घशात अडकल्यावर माणूस जसा तो खाली ढकलतो, तशी ती तो ‘वा’ खाली ढकलत होती. माझ्यासाठी, माझ्या उद्यासाठी. आणि आजूबाजूला सगळे हाताची घडी घालून शहाण्यासारखे बसले होते.

मला ते बघवेना.

“वा!” मी म्हणाले.

चुकून निसटलं, असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. निसटलं नव्हतं. मी श्वास घेतला, ठरवलं आणि म्हणाले, चांगलं मोठ्याने. “वा, काय बात आहे!”

मोत्यांच्या माळेच्या बाई दचकून उडाल्या. कुठूनतरी “शूऽऽ” आलं. आत्याने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर हिरवंनिळं होतं. आणि केलेमेनबाई? त्यांनी वळून बघितलं, हसल्या, असं मला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं! त्यांनी काहीसुद्धा केलं नाही. मान हलली नाही, हात हलला नाही. ऐकलं की नाही तेही कळलं नाही. त्या आपल्या पुढे वाजवत राहिल्या, आणि पुढचंही तसंच होतं.

शेवटचा भाग कसा झाला ते मला आठवत नाही. कान तापले होते. सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा मीही राहिले. आत्या माझ्याकडे बघत नव्हती.

दरवाजात त्रिलोकेकर वाट बघतच होते. शेजारी बाई. बाईंचा चेहरा पांढराफटक.

“मिस टाकळीकर,” त्रिलोकेकर म्हणाले. आवाज मात्र आता बराच खाली आला होता. “हे पाहा. तुमच्या बाईंनी शब्द टाकलाय, म्हणून बोलतो. उद्या सगळे पाहुणे येणार, मलाही आयत्या वेळी बदल करायची हौस नाही. कमिटीला मी सांगतो की आवाज तुमच्या आत्यांचा होता. वयस्कर बाई आहेत, रिवाज माहीत नाही, गावाकडच्या आहेत. लोक समजून घेतील. त्या उद्या येणार नाहीत एवढं बघा. तुमचं नाव राहील.”

सुटका किती जवळ होती बघा. नुसती मान हलवायची होती.

“हो, हो, माझाच आवाज,” आत्या लगेच म्हणाली. “मीच ओरडले. मला मेलीला राहवलं नाही.”

“तिचा नव्हता,” मी म्हणाले. “माझा होता.”

“हेमे, गप्प बस.”

“नाही बसणार. माझा आवाज होता, त्रिलोकेकर. आणि मला रिवाज माहीत आहे. तुम्हीच शिकवलाय. माहीत असून म्हणाले, कारण त्या बाईंनी तो सूर जसा ठेवला ना, त्यानंतर गप्प बसायचं म्हणजे... तुम्ही बसू शकता, मला नाही जमत. आत्याच्या नावावर काही घालायचं नाही. कमिटीला सांगायचंय ते माझं नाव घेऊन सांगा.”

“मग तुमच्यासाठी उद्याचं दार बंद झालं. कळतंय ना?”

“कळतंय.”

“माफी मागितलीत तर अजूनही—”

“कशाची?”

त्यांनी खांदे उडवले आणि वळून चालू लागले. संपलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील.

बाई तिथेच उभ्या होत्या. मला वाटलं, आता ह्या मला कायमचं घराबाहेर काढणार. त्या माझ्या अगदी जवळ आल्या.

“तू गाढव हाय,” त्या म्हणाल्या. “एकदम मोठी गाढव. समजला?”

“हो, बाई.”

“तो सूर. तिने उशिरा ठेवला तो. किती उशिरा, ऐकला?”

“ऐकला.”

“मग उद्या सात वाजता ये, आनी वाजवून दाखव.” आणि नाक पुसत, गुडघे सांभाळत त्या जिना उतरून गेल्या.

बाहेर आलो तर अजून ऊन होतं. समुद्राच्या कट्ट्यावर गर्दी, चणेवाले, फुगेवाले, रविवारच्या संध्याकाळचं सगळं जिथल्या तिथे. आत्या पुढे चालत होती, तरातरा. एका मोकळ्या जागी कट्ट्यावर धपकन बसली.

“अक्कल विकून खाल्लीस तू,” ती समुद्राकडे बघत म्हणाली. “मी एवढं तोंड दाबून बसले ते कुणासाठी?”

“तेच बघवलं नाही मला.”

“काय बघवलं नाही?”

“तू गिळत होतीस ते.”

आत्याच्या गजऱ्यातलं एक फूल सुटून खांद्यावर आलं होतं, ते तिने काढलं आणि हातात धरून ठेवलं. मग ती बोलायला लागली, आणि आवाज तिचा वाटेना, इतका हळू.

“मी गाणं का सोडलं, माहितेय?”

“घसा बसला म्हणून. तूच सांगितलंयस.”

“घशाला काय धाड भरलीय! तुझ्यापेक्षा खणखणीत आहे. ऐक. नवऱ्याने सांगितलं, गाणं नाहीतर मी. मी म्हटलं, गाणं. निघून आले आणि नाटक कंपनीत गेले. आणि जाहिरातीत नाव काय लावायचं, तर मी त्याचं आडनाव सोडलं आणि माहेरचं लावलं. यमुना टाकळीकर. मोठ्या अक्षरांत. आणि मग कंपनीचा मुक्काम आपल्याच गावात पडला.”

ती थांबली. हातातलं फूल तिने बोटांत फिरवलं.

“सगळ्या प्रतिष्ठितांनी पहिल्या रांगा राखून ठेवल्या. मला वाटलं, बघा, गाव कौतुकाला आलं. पहिलं पद म्हटलं. शांत. दुसरं म्हटलं. शांत. तुला ठाऊक आहे ना, तेव्हा एकेका पदाला किती वन्स मोअर पडायचे? नवरा सोडून गावचं नाव रंगमंचावर नेलं, म्हणून गावाने ठरवून ठेवलं होतं. शिट्ट्या मारायच्या नाहीत, दगड मारायचे नाहीत, सभ्य माणसं ना! नुसतं हाताची घडी घालून बसायचं. कुणी ‘वा’ म्हणायचं नाही, कुणी टाळी वाजवायची नाही, शेवटपर्यंत. हेमे, त्या दिवशी मी जशी गायले तशी पुन्हा कधी गायले नाही. मला गाताना कळत होतं, की हे जमतंय, हे आयुष्यात एकदाच जमतं. आणि समोर गच्च भरलेलं थिएटर, आणि एक माणूस हूं की चूं करत नाही. शिव्या दिल्या असत्या तर चार शिव्या मीही दिल्या असत्या. त्या गप्प बसण्याला काय उत्तर द्यायचं?”

सभागृहातल्या त्या घड्या घातलेल्या हातांमध्ये ती कशी बसली असेल, ते मला तेव्हा कळलं. तिच्यासाठी ती शिस्त नव्हतीच. तिच्या लेखी ते पुन्हा तेच थिएटर होतं, आणि तिथे ती गळ्याची शपथ घेऊन बसली होती.

“तिसऱ्या रांगेत तुझा बाप होता,” आत्या म्हणाली.

“बाबा?”

“माझा धाकटा भाऊ. माझ्या मांडीवर बसून सूर शिकलेला. बायकोमुलीला घेऊन गावातच राहायचं होतं त्याला, काय करेल बिचारा! पण माझी नजर सारखी त्याच्याकडे. म्हटलं, हा तरी म्हणेल. त्याचे डोळे भरले होते, तुला सांगते. ओठ असे आवळून धरले होते. त्याने गिळलं. माझ्यासमोर गिळलं त्याने.”

बाबा वर्षातून एकदोनदा यायचे. आत्यासाठी गावची वांगी आणायचे, गूळ आणायचे. ती पेटी काढून बसली की मान खाली घालून ऐकायचे, आणि गाणं संपलं की काही न बोलता उठून गॅलरीत जायचे. मला वाटायचं, बाबांना गाण्यातलं काही कळत नाही. आणि तेच बाबा आईशी भांडून मला आत्याकडे ठेवून गेले होते. ‘तिच्यापाशीच राहू दे,’ म्हणून.

“त्या तुझ्या केलेमेनबाईला ऐकू गेलं की नाही, देव जाणे,” आत्या म्हणाली. तिने हातातलं फूल माझ्या केसांत खोचलं. “मला गेलं. टाकळीकरांच्या घरातून एक दाद यायची राहिली होती. आज आली.”

नाक ओढत मी विचारलं, “शेवटचं पद कुठलं होतं?”

“कशाला आता?”

“म्हण.”

“इथे? वेड लागलंय तुला! लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणतात ते बघितलंस की आत्ताच. म्हण तू.”

तिने एकदा इकडेतिकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि सुरू केलं. आधी गुणगुणल्यासारखं, माझ्यापुरतं. दुसऱ्या ओळीला आवाज उघडला. काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं मी त्या बाईच्या घरात राहत होते, आणि हा आवाज मी ऐकलेलाच नव्हता. तानेला ती कुठे जोर लावत नव्हती, मान ताठ करत नव्हती, हात उडवत नव्हती. मांडीवर पिशवी तशीच धरलेली. आत सभागृहात जे मी डोळे फाडून बघितलं होतं, तेच इथे कट्ट्यावर बसलं होतं, काचेच्या बांगड्या घालून. चणेवाला थांबला. फिरायला आलेलं एक जोडपं थांबलं. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. शेवटच्या ओळीला आत्याने ठेक्यात थोडी जागा सोडली, पोटात खड्डा पडण्याइतकी, आणि सूर ठेवला.

गाणं संपलं. तिने डोळे उघडले नाहीत. जमलेली माणसं काय करावं न कळून नुसती उभी होती, आणि मला दिसलं की तिची बोटं पिशवीच्या बंदावर आवळली गेलीयत.

मी कट्ट्यावर चढले. सरळ उभी राहिले, आणि तिच्याकडूनच शिकलेल्या, शेवटच्या माणसापर्यंत पोचणाऱ्या आवाजात ओरडले, “वन्स मोअर!”

“अगं ए, उतर खाली, पडशील!” आत्या म्हणाली.

“वन्स मोअर!”

चणेवाल्याला काय वाटलं कोण जाणे, तोही ओरडला. मग ते जोडपं. मग आणखी कुणीकुणी.

आत्याने पिशवी माझ्या पायाशी ठेवली. डोळे पुसून पदर कमरेला खोचला, घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.